मागं सरा, सदाभाऊ

इंदापूरच्या दिगूतात्यांकडं कुणी फोटो काढून घ्यायला गेलं, की तात्या त्याला आधी घराबाहेर काढत. मग अंगणाबाहेर. मग गल्लीबाहेर. गिऱ्हाईक बिचारं नवा फेटा बांधून, मिशीला तेल लावून आलेलं असायचं. त्याला वाटायचं, आता खुर्चीवर बसवतील, मान सरळ करतील. तात्या म्हणत, "मागं सरा. अजून. अजून मागं. त्यो ओढा दिसतोय न्हवं? त्याच्या पल्याड जाऊन हुबं ऱ्हावा." माणूस चालत चालत ठिपक्याएवढा झाला, की तात्यांचा चेहरा खुलायचा. "हां! आता दिसाया लागलं बघा!"

कारण त्यांच्या यंत्राला जवळचं दिसतच नसे. शंभर पावलांच्या आत उभा राहिलेला माणूस त्यात नुसता धुरकट गोळा होऊन यायचा. ओढ्यापलीकडच्या माणसाच्या मिशीचा मात्र केस न् केस मोजून घ्या. "म्हाताऱ्या माणसावानी हाय माझं यंत्र," तात्या कौतुकानं सांगत. "जवळचं इचारू नका, लांबचं समदं ध्यानात हाय."

मी स्वतः फोटोग्राफर. बारामतीत भर पेठेत माझा स्टुडिओ होता. मागं रंगवलेला पडदा, त्यावर तळं, तळ्यात दोन हंस आणि कुठंच न जाणारा एक संगमरवरी जिना. पंचक्रोशीतली लग्नाळू पोरं याच जिन्याशी उभी राहून बोहल्यावर चढली. आता इतक्या वर्षांनी लपवण्यात काय अर्थ आहे, सरळ सांगतो. तात्यांचा, या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या, चष्मे बसवणाऱ्या माणसाचा मला इतका हेवा वाटायचा, इतका हेवा वाटायचा, की त्याचं नाव कुणी काढलं तरी माझी भाकरी कडू व्हायची.

पण त्याआधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी म्हातारी माणसं कॅमेऱ्याला फार भ्यायची. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ते डबडं माणसाचा जीव ओढून घेतं, असा पक्का समज. त्यामुळं जिवंतपणी त्यांचा फोटो निघायचाच नाही. मग म्हातारी गेली की घरचे सायकलवरून धावत यायचे, "सदाभाऊ, चला, उचलायच्या आत एक फोटो घ्या." मी जायचो. म्हातारीला खुर्चीत बसवून मागून धोतरानं बांधायचे, हळदीकुंकू किंवा बुक्का लावायचे, आणि मी फोटो घ्यायचो. पुढं कागदावर आलं की बारीक कुंचल्यानं मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायचे. यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मोठे, पाणीदार, किंचित उजवीकडं बघणारे डोळे. सगळ्यांना तेच. लोक म्हणायचे, "अगदी आता बोलंल बघा!" मला त्याचा अभिमान होता.

आणि अशा या नामांकित फोटोग्राफरच्या सख्ख्या आईचा एकही फोटो नव्हता! आई थोरल्या भावाकडं, इंदापूरच्या अलीकडं कालव्याकाठच्या आमच्या वस्तीवर राहायची. सत्तरी ओलांडलेली. दर वर्षी मी कॅमेरा घेऊन जायचो, हातापाया पडायचो, रुसायचो. ती पदर तोंडावरून ओढून आत निघून जायची. "जेव आन् जा," एवढंच. गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर म्हणायची, "फोटोवाल्याच्या घरात आईचा फोटो न्हाय व्हय?" मी हसण्यावारी न्यायचो. पण रात्रंदिवस एकच धास्ती पोटात. एक दिवस निरोप येणार, मी कॅमेरा घेऊन धावणार, आणि माझ्याच आईचे डोळे मला कुंचल्यानं काढावे लागणार.

तर तात्या. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. एक दिवस हे पन्नाशीचे, काटकुळे, कपाळावर भिंगाची नळी अडकवलेले गृहस्थ माझ्या दुकानात आले नि म्हणाले, "लेन्स गेलेला एखादा जुना कॅमेरा हाय का?" माझ्याकडं मोठ्या काचेवर फोटो घेणारं एक खोकं माळ्यावर पडून होतं. देऊन टाकलं. म्हटलं, "तात्या, लेन्सशिवाय करणार काय याचं? पीठ चाळणार?" ते म्हणाले, "लेन्स न्हाय बसवायची. आरसा बसवणार हाय." मी पोट धरधरून हसलो. आज वाटतं, त्याच दिवशी ते खोकं विहिरीत का टाकलं नाही!

पुढचे सहा महिने इंदापुरात एकच चर्चा. तात्यांनी अंगणात एक पिंप ठेवलं. त्यावर जाड काचेची एक तबकडी, तिच्यावर दुसरी, मध्ये कुरुंदाची खरखरीत पूड आणि पाणी. वरची काच मागंपुढं घासायची, एक पाऊल पुढं सरकायचं, पुन्हा घासायची. अशी पिंपाभोवती दिवसाला शे-दोनशे फेऱ्या. लग्न केलं नव्हतं, घरात दुसरं माणूस नव्हतं, अडवणार कोण? बायका पाण्याला जाता-येता म्हणायच्या, "तात्यांनी पिंपाला परदक्षिणा घालायचा नवस बोललाय." दोघींनी तर पिंपाला हळदकुंकू वाहिलं. तात्यांनी ते पुसलंही नाही. "ऱ्हाऊ द्या, आरशाला लागतोच की आशीर्वाद."

घासून घासून काच परातीसारखी खोलगट झाली, तेव्हा तिच्यावर चांदी चढवायला ते पुन्हा माझ्याच दारात. चांदीचा क्षार माझ्याकडून नेला आणि वर विचारलं, "घरात साखर हाय का मूठभर?" मला वाटलं चहाला हवी. अहो, चांदीसाठीच! क्षाराच्या पाण्यात साखरेचं पाणी घातलं की चांदी सुटते आणि काचेवर बसते. चारी बाजूंनी उसात बुडालेला आमचा मुलूख, साखरेचा हा उपयोग एकालाही ठाऊक नव्हता. ठाऊक होता तो या घड्याळजीला, आणि चांदी कुणाची? माझी!

ते यंत्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आत काहीतरी टोचलं. एवढ्या लांबचं खेचायचं म्हणजे तोफेएवढी नळी हवी, असा माझा हिशेब. हे जेमतेम हातभर लांबीचं पत्र्याचं डबडं. मागं मोठा आरसा, त्याच्या मध्यात भोक. पुढं तोंडाशी रुपयाएवढा छोटा आरसा, पाठमोरा. उजेड आत येतो, मोठ्या आरशावर आपटून पुढं जातो, छोट्यावर आपटून पुन्हा मागं येतो आणि भोकातून कॅमेऱ्यात शिरतो. मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. तात्या म्हणाले, "सोपं हाय, सदाभाऊ. धोतर किती लांब असतंय? पर घडी घातली की पिशवीत मावतंय. मी उजेडाला घडी घातली." हा माणूस चौथी शिकलेला. मी मॅट्रिक. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

फोटो काढायची त्यांची तऱ्हाही निराळीच. डबड्याला झाकण म्हणजे त्यांच्या डोक्यावरची टोपी. टोपी काढायची, "एक नरहरी" म्हणायचं, टोपी घालायची. झाला फोटो. नरसिंहपूरचा देव त्यांचं कुलदैवत, म्हणून मोजणी नरहरीच्या नावानं. वाऱ्यानं यंत्र हलू नये म्हणून तीन पायांच्या तिकाटण्याला धोंड्यांची पिशवी टांगलेली. आणि अजून मोठं काढायचं असलं की मध्ये एक खोलगट भिंग बसवायचे. लांबचं न दिसणाऱ्याच्या चष्म्यात असतं तसलं. त्याला ते म्हणत वाढपी. वाढपी लावला की चित्र दुप्पट, पण टोपी चार नरहरी उघडी ठेवायला लागायची. "वाढपी वाढतो दुप्पट," तात्या म्हणत, "पर आमटीत पाणी घालून."

पहिला फोटो काढला तो साखर कारखान्याच्या चिमणीचा, कोसभर लांबून. चिमणीवर रंगारी चढला होता. फोटोत त्याच्या कानामागची विडीसुद्धा दिसत होती! तो फोटो इंदापूरच्या बाजारात दुकानाच्या फळीवर लावला आणि जत्रा लोटली. रंगाऱ्याची बायको येऊन भांडून गेली म्हणतात, "मला सांगत व्हता विडी सोडली."

मग काय विचारता! माझ्या दुकानात माणसं यायची आणि हंसाकडं ढुंकूनही न बघता विचारायची, "इंदापूरच्या तात्यांवानी लांबचा काढता का वो?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हणायचो, "लांबूनच बघायचं तर इथवर आलात कशाला? घरीच थांबायचं होतं!" तात्यांच्या फोटोंतली एक खोड मात्र मी गावभर सांगत सुटलो. मागं पाणी चमकत असलं की त्या चमकीचे ठिपके न येता गोल कडी यायची, मध्ये पोकळ. छोटा आरसा मध्येच बसतो ना, त्याचा प्रताप. "फोटो काढतो का जिलब्या तळतो?" असं मी म्हटलेलं तात्यांच्या कानावर गेलं. पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी खरोखर पावशेर जिलबी आणून ठेवली. मनात काही नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तोंडावरही टोमणे मारून बघितले. "दुरून डोंगर साजरे, तात्या!"

"म्हणून तर दुरून काढतो."

"अहो, हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं."

"उंटावरनं समद्या शेळ्या दिसत्यात, सदाभाऊ."

शेवटी मीही हट्टाला पेटलो. आरसा घासणं आपल्याच्यानं होणार नाही, पण नळी तर करता येईल! पत्रेवाल्याकडून पाच हात लांब नळी करून घेतली, तोंडाला माझ्याकडची सगळ्यात भारी काच बसवली, आणि खांद्यावर घेऊन माळावर निघालो. रस्त्यात ज्याला त्याला एकच शंका, "सदाभाऊ, बोअर कुठं घेताय?" माळावर नळी मध्येच वाकली. तिला खालून काठीचा टेकू दिला तर वाऱ्यानं टोक डोलायला लागलं. आलेल्या फोटोत देवळाला तीन कळस. ती नळी पुढं आमच्या न्हाणीच्या पाण्याला लागली. बायको म्हणाली, तुमच्या सगळ्या फोटोग्राफीत हीच एक घराला उपयोगी पडली.

म्हणून मग मी चोरी करायचं ठरवलं. चोरी म्हणजे यंत्र नव्हे, त्याची मापं. मोठ्या आरशापासून छोटा किती अंतरावर, भोक केवढं, वाढपी कुठं बसतो. एका दुपारी खिशात सुतळी घेऊन मी इंदापूरला गेलो. तात्या म्हणाले, "बसा, दूध घिऊन येतो चहाला." ते गेले तसा मी आतल्या खोलीत घुसलो. सुतळी काढली. आणि समोर दोरीवर वाळत घातलेले फोटो दिसले.

सगळी म्हातारी माणसं. कुणी बांधावर बसलंय, कुणी गोठ्याशी उभं, कुणी हातावर तंबाखू मळतंय. मी पंचवीस वर्षं ज्यांच्या दारातून हात हलवत परत आलो, ती माणसं! आणि सगळ्यांचे डोळे उघडे. खरे, आपापले. कुणाचा बारीक, कुणाचा तिरळा, कुणाच्या कडेला चिपड. मी एकेक बघत सरकत होतो आणि चौथ्या की पाचव्या फोटोपाशी थांबलो.

आमची आई होती.

ओसरीच्या कडेला पाय सोडून बसलेली, पदर कपाळावरून सरकलेला, आणि तोंड भरून हसत होती. पुढचे दोन दात नाहीत हे स्पष्ट दिसत होतं. मागं उसाला सोडलेलं पाणी चमकत होतं आणि त्याची ती गोल गोल कडी तिच्या खांद्यांमागं पसरली होती. माझ्यासमोर जिनं आयुष्यात कधी पदर सोडला नाही, ती या माणसासमोर खदखदून हसली होती.

तात्या दुधाचा तांब्या घेऊन दारात उभे. माझ्या हातात सुतळी, पण लाज कुणाला वाटते! मीच ओरडलो, "माझ्या आईचा फोटो? चोरून? तात्या, हे शोभतं का तुम्हाला?"

"चोरून न्हाय, सदाभाऊ. चष्मा न्यायला आल्या व्हत्या. त्यांस्नी इचारून काढला. आदल्या दिवशी सांगितलं, कालव्यापल्याड असणार, टोपी काढली की हलू नका."

"आणि मला?"

तात्या खाली बघत म्हणाले, "सदाला सांगू नका, म्हणाल्या."

चहा न घेता निघालो. यष्टीत उभ्यानं वस्ती गाठली. आई दारात डाळ पाखडत होती. मी 'बरी आहेस का' सुद्धा न विचारता सुरू झालो. "मी तुझा पोटचा मुलगा, धंदा फोटोचा, पंचवीस वर्षं तुझ्या पाया पडतोय. आणि तू त्या परक्या माणसाला हसून फोटो दिलास? माझ्यात काय कमी होतं?"

आईनं सूप खाली ठेवलं. "कळलं व्हय तुला! बस."

"नाही बसत. का दिला सांग."

"त्यो लांब व्हता रं. पार कालव्यापल्याड, एवढुसा. तितनं त्याचं डबडं काय माझं आयुष्य ओढतंय? आन् वाऱ्यानं त्याची टोपी उडाली कालव्यात. त्या डबड्यावर हात ठेवून तसाच बोंबलत व्हता, माझी टोपी, माझी टोपी! मग हसू न्हाय येनार व्हय? तवाच हात उचलून फोटू घेतला त्यानं."

"आणि मी काढला असता तर आयुष्य कमी झालं असतं?"

आईनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "लेका, तू ज्या म्हाताऱ्यांचा फोटू काढलास त्यातलं कोण जगलंय? आता, ती मेल्यावरच तुला बोलवत्यात, हे मला कळत न्हाय व्हय? पर लोकांस्नी कळत न्हाय. उद्या तू माझा काढला असतास आन् मी महिन्यात गेले असते, तर समद्या गावानं म्हनलं असतं, सदानं आईलाबी खाल्ली. लोक म्हनू देत. तूच म्हनला असतास, माझ्यामुळं गेली. जन्मभर त्या मशिनीला हात लावला नसतास. म्हनून नको म्हनायचे."

मी खाली बसलो. पाखडलेली डाळ उगाच चिवडत राहिलो. भांडायला आणलेलं सगळं संपलं होतं.

"चांगला आलाय का फोटू?" आईनं विचारलं.

"चांगला आलाय. मागं कडी आलीत सगळी, गोल गोल."

"बांगड्यांवानी?" ती स्वतःच्या रिकाम्या मनगटाकडं बघून हसली. "बरं झालं. तुझा बा गेल्यापास्नं कुनी भरल्या न्हवत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तात्यांच्या अंगणात. माफी मागायची होती, आणि खरं म्हणजे फोटोची एक प्रत हवी होती. तात्या बाजेवर बसून घड्याळ उघडत होते. माझी मान खाली. इकडं तिकडं बघायचं म्हणून मी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाकडं बघितलं. तिथं गोठ्याच्या भिंतीवर, पत्र्याच्या पडवीखाली, एक फोटो टांगलेला असायचा. येता-जाता कैकदा दिसला होता. घर सोडून गोठ्यात फोटो, तात्यांचा विक्षिप्तपणा म्हणून मी सोडून दिलं होतं. त्या दिवशी बोलणं टाळायला मी चालत तिथवर गेलो.

खुर्चीत बसलेली एक म्हातारी. खांद्यामागून गेलेल्या धोतराची कड दिसत होती. आणि डोळे मोठे, पाणीदार, किंचित उजवीकडं बघणारे.

माझेच डोळे. माझ्याच कुंचल्याचे. आणि हा फोटो काढायला मी या घरी कधी आलो होतो ते मला आठवेना. अशा घरात मी जिवंत माणसांकडं बघतच नसे. उजेड कुठून येतो आणि परतीची गाडी कधी आहे, तेवढंच बघायचो. कोपऱ्यात रडत उभा असलेला तिचा मुलगा मला दिसलाही नसणार. आणि इतक्या वर्षांत तात्यांनी एका शब्दानं ते मला सांगितलं नव्हतं.

"तात्या," मी म्हणालो, "हे डोळे..."

"आईचे बारीक व्हते," तात्या बाजेवरूनच म्हणाले. "घारे. हसली की मिटायचेच."

"मी पुसून देतो. तुम्ही सांगा कसे होते, पुन्हा काढतो."

"नको. रंगाखाली मिटलेलेच असणार. ते बघितल्यात मी." मग घड्याळ बाजूला ठेवून म्हणाले, "तुमाला माझ्या आरशाचा हेवा वाटतो, म्हाईत हाय मला. सुतळीबी बघितली म्या. देतो समदी मापं लिवून. पर मला तुमचाच हेवा वाटतो, सदाभाऊ. कालव्यापल्याडनं तुमच्या आईला बघितलं, आन् वाटलं, माझी असती तर म्या यंत्र झाकलंच नसतं."

मी त्या फोटोसमोर तसाच उभा होतो. माझे ते रंगवलेले दोन डोळे माझ्याकडं न बघता उजवीकडं बघत होते.

"तितं नका हुबं ऱ्हाऊ," तात्या म्हणाले. "जवळनं न्हाय ती. मागं सरा."

मी चार पावलं मागं सरलो.

"अजून. अजून मागं."

मी सरत सरत अंगण ओलांडून त्यांच्या बाजेपाशी येऊन टेकलो. एवढ्या लांबून डोळे दिसतच नव्हते. नुसतं एक लुगडं, खुर्ची, आणि थोडीशी कललेली मान.

"हां," तात्या म्हणाले. "हितनं आई दिसती."